मक्षिकास्थाने मक्षिका

नारिनच्या कत्तलखान्यात
सकाळी साडेसहाला मला घोड्याचं जठर मिळतं,
बादलीत, अजून कोमट.
उलटून धरलं की आतल्या अस्तरात
अळ्या डोकी रुतवून बसलेल्या,
ओढलं तर सुटत नाहीत.
आधी चिमट्याने किंचित फिरवावी लागते,
कानातला डूल काढावा तशी.

रजिस्टरात नाव एकच.
माझ्या आधी एसेन्बेक होते,
त्यांच्या आधी कुणी रशियन बाई, अक्षर देखणं.
तिने लिहिलं ते त्यांनी लिहिलं,
त्यांनी लिहिलं ते मी.
एकोणतीस वर्षं.

जुलैत नमुने आणायला वर कुरणावर गेले.
बुरुलकान घोडीची धार काढत होती.
विचारलं, गोमाश्या आहेत का यंदा?
ती म्हणाली,
कोणत्या?

आणि बादली बाजूला ठेवून, ओला हात तसाच पुढे करून:
ती राखी घोडी पाय आपटतेय ना,
ती पायाची माशी.
गुडघ्याच्या आतून केसागणिक एक अंडं,
राळ्याचे दाणे चिकटवावेत तसं, पिवळं.
घोडी चाटते. जिभेच्या उबेने उघडतात.
ते शिंगरू आईच्या मानेवर हनुवटी टेकून उभं आहे,
लाड नाहीत ते.
हनुवटीखालची येतेय. तिच्या पिल्लांना जीभ लागत नाही,
आपली आपण तोंडात चालत जातात.
आणि तो बघ,
तो बघ सुटला!

काळा घोडा कुरण फाडत तळ्यात शिरला,
नाकाडापर्यंत पाण्यात.
ओठांची, ती म्हणाली. हळू आवाजात.

मी म्हटलं, पुस्तकात चार आहेत.
हो. चौथी घोड्याजवळ येतच नाही,
गवतावर अंडी टाकून जाते.
तिला घाई नाही. घोडा जाणार कुठे?

चौथी मला मिळाली नाही.
जाळ्यात तीन आल्या, तिन्ही सोनेरी केसाळ,
शेपटाकडून मुडपलेल्या,
तोंड नावापुरतं: माशी झाल्यावर काहीच खात नाहीत.
भिंगातून एकीच्या पंखावर धुराचा पट्टा दिसला,
एकीचं बूड तांबूस.
बुरुलकान हसली. हातात घेऊन काय बघतेस,
घोड्याला विचार.

खाली येऊन जुन्या बाटल्या उघडल्या.
अळीच्या अंगावर काट्यांच्या दोन ओळी,
बोथट, पहिली मोठी: पाय.
एकच ओळ: हनुवटी.
दोन, पण बारीक आणि टोकदार: ओठ.
लॅटिन नावं मी दुपारच्या चहानंतर लिहिली.
काही बाटल्यांतलं अल्कोहोल कधीच उडून गेलं होतं,
काटे झडलेले, अळ्यांची सुकी बोरं झालेली.
त्यांच्यापुढे लिहिलं, ठाऊक नाही.
असं लिहायला या रजिस्टरात रकाना नव्हता,
समासात लिहावं लागलं.

मग शेवटून पहिल्या पानापर्यंत आले,
रशियन बाईच्या पहिल्या नोंदीशी.
नाव तेच.
नावानंतर, पेन्सिलीने, अगदी बारीक,
एक प्रश्नचिन्ह.

एसेन्बेकांच्या नकलेत ते नाही.
भले गृहस्थ होते, टापटिपीचे.
माशीने घाण केली असेल असं वाटून
त्यांनी ते गाळलं असणार.