हात लावू नका

भायखळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात
रक्ततपासणीच्या खिडकीवर स्क्रीन टांगली आहे.
नंबर दाखवते. दर दहा मिनिटांनी झोपते.

काळी झाली की बाकावरची माणसं उठतात,
पायांनी चपला चाचपत खिडकीशी येतात:
"माझा नंबर गेला का हो?"

तक्रारवहीत निळ्या शाईत नोंद:
"स्क्रीन झोपते. इथे दुसऱ्या कुणाला झोप नाही."
खाली सही, मार्था डाबरे, रात्रपाळी.

मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.
बाई म्हणाल्या, "आधी चहा की आधी मशीन?"
मी मशीन म्हणालो. तिथेच चुकलो.

लिनक्स. फुकट मिळतं म्हणून कुणीतरी घातलेलं,
पासवर्ड चिकटपट्टीवर, तोही अर्धा पुसलेला.
सेटिंगमध्ये गेलो. "स्क्रीन बंद करा" याच्यासमोर
कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं: कधीच नाही.
कधीच नाही,
आणि दहा मिनिटांनी अंधार.

मग कळलं, आत तिघं आहेत.
एक पॉवर मॅनेजर, एक स्क्रीनसेव्हर,
आणि एक त्या दोघांच्याही खालचा, जुना,
जो कुणालाच विचारत नाही.
एका घरात तीन काटकसरी काका असावेत
आणि प्रत्येकाने निजण्याआधी दिवे मालवत फिरावं, तसं.
एकाचा हात धरला
की दुसरा बटणाशी.

टर्मिनल उघडलं.
एक्ससेट, एस, ऑफ.
एक्ससेट, वजा डीपीएमएस.
वजा म्हटल्यावर काहीतरी कमी व्हायला हवं.
पण झालं की नाही हे कळायचा मार्ग एकच:
दहा मिनिटं
कशालाही हात लावायचा नाही.

सोपं वाटतं. करून बघा.
सातव्या मिनिटाला राणीच्या बागेकडून
कुठलंसं जनावर ओरडलं.
बाकावरचे आजोबा म्हणाले, "तिकडेही कुणाचं तरी अडलंय."
नवव्या मिनिटाला मार्थाबाईंचा हात पुढे आला,
माऊस हलवून मागे गेला.

"बाई!"
"अरे देवा. सवय."

दोन वर्षं, दर नऊ मिनिटांनी.
जेवताना डाव्या हाताने,
दोन्ही हातांत नळ्या असतील तेव्हा कोपराने.
नाताळच्या रात्री मिस्साला जायचं म्हणून
भाच्याला खास बसवलेला, तो झोपला,
आणि आल्यावर बघितलं तर अख्खा बाक खिडकीशी.
पॅडवर एक जागा झिजलीय, अंगठ्याएवढी.

पुन्हा पहिल्या मिनिटापासून.
या वेळी बाईंनी हात ॲप्रनच्या खिशात कोंबले.
दहाव्या मिनिटाला स्क्रीन गेलीच.
आता स्क्रीनसेव्हर. काढला, मुळासकट.
पुन्हा पहिल्यापासून. आता चहा प्यालो, गार.

दहा. अकरा. बारा.
शहाऐंशी नंबर तसाच, लाल.
कुणी मान वर केली नाही.
जे घडत नाही त्याच्याकडे कोण बघतं?

खात्रीसाठी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं,
कारण हे हुकूम त्याच्या लक्षात राहत नाहीत,
उठल्यावर रात्रीचं कबूल केलेलं साफ विसरतं.
एक छोटी फाईल लिहून ठेवली,
उठल्या उठल्या वाचायची.
पण मधल्या त्या अर्ध्या मिनिटाच्या काळोखात
सगळा बाक उभा राहिला.
"बसा," बाई म्हणाल्या, "कुणाचाही गेलेला नाही."

वहीत लिहिलं: उपाय केला. लागलेला वेळ, दोन तास.
त्यातलं काम आठेक मिनिटांचं, बाकी नुसती राखण.
राखणीला वहीत रकाना नाही.

जिन्यापाशी मागे वळून पाहिलं.
सत्त्याऐंशी.
बाई पाठमोऱ्या, सुयांचे डबे मोजत होत्या.
नऊ मिनिटं झाली असावीत.
मोजणी न चुकवता हात बाजूला गेला,
माऊस जरासा हलवला, परत आला.

मी काही बोललो नाही.