आडवं काय आलं

रोही होती.
तुरीतून निघाली, डांबरावर आली,
अन् माझ्या उजेडात तिचा डोळा हिरवा झाला.
एवढंच.
मग हॅन्डल छातीत, मी पाटाच्या काठी,
आणि गाडीचं मागचं चाक
आभाळाकडे तोंड करून कितीतरी वेळ फिरत राहिलं.

ती उठली. मागचा डावा पाय ओढत
पुन्हा तुरीत शिरली.
पंधरा वर्षं ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे मी,
चाल पाहून कळते कुठलं हाड.
पण त्या रात्री मलाच उठता येत नव्हतं,
हासळी माझीही गेली होती.

मुनाफ मिस्त्रीनं गाडी स्टँडवर चढवली.
समोरचा चिमटा वाकडा, डोमचा चुरा,
टाकीला पोचा, बरोबर माझ्या गुडघ्याच्या मापाचा.
फूटरेस्टच्या नटात अडकलेले तांबूस केस
त्यानं पकडीनं ओढून काढले,
काडेपेटीत ठेवले अन् म्हणे,
"जोडा क्लेमले. सबूत हाय."

गुल्हाने एजन्टनं काडेपेटी उघडली
आणि लगेच बंद केली.
"रोही नोका लिहू, डॉक्टर."
मी डॉक्टर नाही, पण गावात सगळे म्हणतात.
"रोही लिहिली की वनखातं येते.
मेली का, कुठं मेली, गाडी किती जोरात होती,
एक पंचनामा, मग दुसरा पंचनामा,
तोवर गाडी जमा.
कुत्रं लिहा.
कुत्र्याले खातं नसते."

रकाना छापील होता: अपघाताचे कारण.
उजवा हात झोळीत, म्हणून डाव्यानं लिहिलं,
कुत्रे आडवे आले.
अक्षर पहिलीतल्या पोराचं दिसत होतं,
त्यामुळं खरंही वाटत होतं.

सर्व्हेअर यवतमाळहून आला,
पोरगेलासा, घामाघूम, टिफिन गळ्यात.
चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली,
नंबर हळूहळू वर आला.
मग त्यानं वाचून दाखवलं:
रबर अन् प्लास्टिकचे निम्मे कापणार.
लोखंडाचे, गाडीच्या वयाप्रमाणे.
काचेचे मात्र पूर्ण मिळतात,
काचेला म्हातारपण नाही.
आणि उगाच, पेनाला टोपण लावता लावता,
"कोणत्या रंगाचं होतं कुत्रं?"

बांडं, मी म्हटलं.
एक कान पडलेला.
काहून म्हटलं, माहीत नाही.
तोंडात जणू तयारच बसलं होतं.

सात हजार तीनशे बारा मंजूर झाले,
बिल अकरा हजार नऊशे.
वरचे मुनाफनं हप्त्यानं घेतले.
पोचा तेवढा मी काढू दिला नाही.
पेट्रोल दोन घोट कमी मावते, मावू दे.

तूर कापून झाल्यावर त्या वावरात गेलो होतो.
पाटापासून धुऱ्यापर्यंत,
चपलेत खुंट टोचत.
काहीच नव्हतं. हाड नाही, वास नाही,
वर घारसुद्धा नाही.
जगली असेल,
हे लिहायला कुठंच रकाना नव्हता.

आता अडलेली गाय सोडवून
रात्री परतताना
मैलाच्या दगडापाशी हात आपोआप ब्रेकवर जातो.
गाडी अजून जराशी डावीकडे ओढते.
नांगरलेल्या वावरातून कुणी येत नाही.
तेच बसलेलं असते, रस्त्याच्या मधोमध,
बांडं, एक कान पडलेला,
माझ्या नव्याकोऱ्या काचेच्या उजेडात
डोळे बारीक करून,
न भुंकता.

मी गाडी बंद करतो.
काय झालं रे, विचारतो, सवयीनं.
ते उठते. चार पावलं टाकते.
मागचा डावा पाय.