दीड स्टार

दीड स्टार दिला मी.
साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर,
कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली, आठ ओळी:
"कथानक विस्कळीत. आवाज अस्पष्ट.
विडंबनाला लागणारी शिस्त दिग्दर्शकाकडे नाही."
शिस्त हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

सुपडू लोहार दिवसा ग्रील जोडायचा, रात्री सिनेमा.
"एजंट साडेसाती" चोपड्यात लागला
संघाच्या रिकाम्या गोडाऊनात.
तिकीट वीस रुपये, सतरंजी ज्याची त्याने आणायची.

युनूस पिंजारी हेर.
काळा कोट बँडवाल्यांचा, खांद्यावर झालर तशीच.
ठिबकच्या नळीला लोंबकळून
तो जिनिंगच्या छपरावरून उतरतो.
नळी ताणते, ताणतच राहते,
आणि खलनायकापासून हातभर अंतरावरून
हेर परत वर जातो.

खलनायकाच्या मांडीवर कोंबडी.
ती मधेच उडून गेली. सुपडूने तेवढं कापलं नाही.
खलनायक पुढचा सगळा प्रसंग
मोकळी मांडी कुरवाळत बोलला.

कळण्याच्या भाकरीत वायरलेस.
हेर विचारतो, "तू कोन शे?"
भाकरी म्हणते, "पह्यले चावनं बंद कर, भो."

यातलं काहीच मी लिहिलं नाही.

मागे, खांबाला टेकून, साध्या कपड्यात
हवालदार उखर्डू कोळी. गोपनीयचा माणूस.
कुठे सभा, कुठे उरूस, कोणाचं कोणाशी बिनसलं,
ते वर कळवायचं त्याचं काम.
आणि तो गोपनीयचा, हे अख्ख्या चोपड्याला ठाऊक.
पोरं सरकून त्याला जागा देत होती:
"या साहेब, गुपचूप बसा."

महिन्याने चहाच्या टपरीवर
त्याने खिशातून कार्बन कॉपी काढली.
"तुमचं वाचलं. आता आमचं वाचा."

*मा. वरिष्ठांस सविनय सादर.
सदर चित्रपटात आक्षेपार्ह काही आढळले नाही.
जमाव अंदाजे दोनशे दहा. हत्यार: लाटणे, एक.
कोंबडी उडाली तेव्हा जमाव अनियंत्रित झाला.
कारण: हसू.
सदर हेर ओळखू येऊ नये म्हणून काळा चष्मा लावतो,
व प्रत्येक जण त्यास नावाने हाक मारतो.
हे वस्तुस्थितीस धरून आहे.
अहवाल सादर करणारा स्वतः तीन वेळा हसला.
नोंद व्हावी.*

मी दोनदा वाचलं.
आठ ओळी माझ्याही होत्या.
"हे असंच वर पाठवलं?"
"शेवटच्या तीन ओळी सोडून."

बशीतला चहा संपवून तो म्हणाला,
"एक इचारू? दीड म्हणजे...
एक सुपडूचा, समजलं. अर्धा कोणाचा?"

"कोंबडीचा," मी म्हणालो.

त्याने इकडेतिकडे पाहिलं,
डायरी काढली,
आणि लिहून घेतलं.