लाल रेनकोटचं साल

पहिल्या भागात, पिठाच्या डब्यामागे,
किराणा दुकानाची चुरगळलेली पावती मिळते.
कर तीन टक्के.
ताई रात्री पावणेबाराला ओइताहून फोन करते:
"तीन! म्हणजे एकोणनव्वद ते सत्त्याण्णव.
आठ वर्षांच्या पिंजऱ्यात घावलं बघ साल."

ती पोलाद कारखान्याच्या वजनकाट्यावर असते,
ट्रक भरलेला, ट्रक रिकामा, मधली वजाबाकी तिची.
मी इकडे मुरोरानला, हॉटेलच्या काउंटरवर,
बाहेर बर्फ, आत हीटरचा घसा बसलेला,
शहात्तर खोल्यांत अकरा माणसं.
आम्हाला दुसरं बोलायला आहे काय?
आईच्या गुडघ्यांचं झालं की
मिठाच्या बंदरावर येतो.

चार भाग त्या खेळाचे.
लाल रेनकोटातली अकरा वर्षांची पोर
बेटावर घरोघर पत्रं टाकते, एवढंच.
कुणी मरत नाही. फार तर कुत्रा मागे लागतो.
पण साल कुठेच लिहिलेलं नाही:
भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसता मासा,
आणि बेकरीतलं घड्याळ चारही भागांत
चार वाजून दहा.

दुसऱ्या भागात मासेवाली पाचशेची नोट परत देते.
नोट. नाणं नाही.
"नाणं आलं ब्याऐंशीला. हे त्याआधीचं."
आणि पहिल्या भागात ज्यावरून गाड्या धावतात तो पूल
इथे अर्धाच, समुद्रावर हात पसरून थांबलेला.
तिसऱ्यात पूल नाहीच, बोट आहे.
चौथ्यात पाकिटांवर पिनकोडाचे चौकोनसुद्धा नाहीत.
"सदुसष्ट. फार तर अडुसष्टचा वसंत."

म्हणजे खेळ पुढे जातो नि वर्षं मागे सरतात,
विणलेलं उसवत न्यावं तशी.
ठीक. पण मग पोर अकराचीच कशी?
इथे आमचं घोडं अडलं, तीन आठवडे.
मी म्हटलं, सोड, चित्रातली माणसं म्हातारी होत नाहीत.
ती म्हणाली, काटा खोटं बोलत नाही,
खोटं बोलतो तो ट्रक.

काल पहाटे तीनला फोन.
"ओमी, पोर नको बघूस. रेनकोट बघ.
पहिल्यात कोपरावर ठिगळ आहे, दुसऱ्यात नाही.
तिसऱ्यात खालचं बटण शाबूत.
चौथ्यात कोरा करकरीत, बाह्या तीनदा दुमडलेल्या."

चारशे सातला टॉवेल देऊन आलो,
पहिला भाग लावला,
खुंटीवरच्या कोटापुढे पोरीला उभं केलं.
"कॉलरच्या आत काहीतरी लिहिलंय. वाचता येत नाही."
लहानपणी शंभरदा वाचलेलं वाक्य.
स्क्रीनला नाक लावलं: चार बारक्या ओळी,
वरच्या तिन्हींवर काट.

चौघी होत्या. एकीचा कोट दुसरीला.
आणि त्यांची एक कुणी केली? आम्हीच.
सुरुवातीला नाव विचारतात, पांढऱ्या पट्टीवर;
ताईने चारही वेळा टाकलं, चिगुसा.
पहिल्या वेळी मी सहाचा होतो.
नंतरही माझी पाळी कधी आली नाही.

बराच वेळ फोनमध्ये नुसता श्वास.
"तुझा तो निळा कोट," मग ती म्हणाली,
"शाळेतला. त्यावरचं माझं नाव मीच खोडलं होतं.
जोर लावून. कापड फाटलं थोडं."
मला माहीत होतं.
काट मारली तरी खालचं वाचता यायचं.

आता चौथा भाग पुन्हा पहिल्यापासून लावलाय.
पट्टी समोर आहे. इतकी वर्षं आम्हाला कागद वाटली,
ती कॉलरची चिंधी आहे; कडेला टाके दिसतात.
कर्सर लुकलुकतोय.
"घड्याळाचं राहिलंच," ताई म्हणते,
आणि काट्यावर पहिला ट्रक चढला म्हणून
फोन ठेवते.