अकरा सेकंद

हर्णै बंदरावर सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत
खाऱ्या हवेने गंजलेला एक संगणक आहे,
चार जीबीचा. त्यातले दोन
माझ्या प्रोग्रामने उघडता उघडताच गिळलेत.

पंखा घरघरतो. पडद्यावर चक्र फिरतं.
बाहेर वाळूत लिलाव:
सुरमईची पाटी बाराशे, तेराशे, साडेतेराशे,
उठली.
चक्र फिरतंच आहे.

सुलभा पावशे काही बोलत नाही.
बॉलपेन काढते, मनगटावर लिहिते.
खिडकी उघडली की उतरवून घेईल.
मग, माझ्याकडे न बघता,
"मागचा बरा होता. कळ दाबली की हजर."

मागचाही माझाच.
बाविसाव्या वर्षी लिहिलेला, थेट त्या मशीनच्या बोलीत,
मध्ये दुभाषा नाही.
दीड एमबी. दिवा लागावा तसा लागायचा.
त्याचा मला इतका माज होता
की लग्नाच्या पंगतीतही मी तो आकडा सांगत असे.

पण दाभोळने फुकट म्हणून लिनक्स घेतलं,
बर्फ कारखान्याच्या पोराने मॅक आणला,
आणि मी एकटा, तीन प्रोग्रामांचा बाप.
डिझेल परताव्याचा नियम बदलला की
तीनदा लिहायचं, तीनदा चुकायचं.
एका वर्षी दाभोळचा दर बदलायचा राहिला.
एकवीस नौकांचे पैसे शिमग्यापर्यंत अडकले.
तिथल्या टपरीवर अजून
मला चहा जरा उशिराच मिळतो.

म्हणून हा. एकदाच लिहायचा, तिन्हीकडे चालवायचा.
एका पाटीच्या हिशेबासाठी
आख्खा ब्राउझर पाठीवर घेऊन निघालेला.
दर बदलला तर आता एकच ओळ,
आणि जेवणाआधी तिन्ही बंदरं सरळ.

जैनुद्दीन होडेकरला हे सांगितलं.
पूर्वी सागाच्या होड्या बांधायचा, आता फायबरच्या ओततो.
"साचा एक, होड्या चाळीस," तो म्हणाला.
"वेरावळलाही जातात."
आणि आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी?
"तिथं आपटतात थोड्या."
मग पॉलिश पेपर घासत बसला,
जणू मी गेलोच होतो.

काल रात्री जागून
सावल्या काढल्या, सरकणारी पानं काढली,
कोणी न मागितलेला रात्रीचा रंग काढला.
एकोणीस सेकंदांचे अकरा झाले.
बायकोला उठवून सांगणार होतो.

अकरा सेकंदांत पापलेट उठतं,
आणि बोली लावणारा बिडीही पेटवतो.

खिडकी उघडली एकदाची.
सुलभा मनगट पुढे करते, मी टाइप करतो:
साडेतेराशे, मुकादम, पाट्या दोन...
की तीन?
घामाने शाई पसरलीय.
ती दारातून वाळूकडे ओरडून विचारते,
आणि आम्ही दोघं, आणि ते मशीन,
उत्तराची वाट बघतो.