गज नसलेली जागा

बागेची एक फेरी म्हणजे चारशे बारा पावलं.
नव्या चपला असल्या तर चारशे वीस.
एकतीस वर्षं काउंटरमागे बसून
लोकांच्या नोटा मोजल्या,
शुगर निघाल्यापासून स्वतःची पावलं मोजते.
वळणावर सिमेंटचं हरीण आहे, एक कान तुटलेलं.
दर फेरीला ते मला तेवढंच ओळखतं.

मागच्या कुंपणाचा एक गज नाही
हे फाल्गुनातल्या एका सकाळी कळलं,
कारण तिथून एक शेळी आत आली,
जास्वंदीचं एक फूल खाल्लं
आणि बिल चुकवून निघाल्यासारखी
ऐटीत परत गेली.

मी पदर खोचला.
आडवी झाले, श्वास आत ओढला,
साठीनंतर पहिल्यांदाच कुठूनतरी घुसले.

पलीकडे वाट होती,
केलेली नव्हे, पडलेली.
खुरांची, सायकलच्या चाकाची,
अनवाणी टाचांची.
आधी वेडी बाभूळ, मग शहाणी,
मधेच तरवड पिवळा,
हिवराच्या सावलीत रुई,
आणि एका बोरीनं पदर धरला तो सोडेचना.
काटे सोडवत थांबले
म्हणून ऐकू आलं सातभायांचं भांडण,
अगदी घरगुती, कोरडं,
वाटणीवरून चालल्यासारखं.
मग गार झालं. पाणी दिसायच्या आधी
पिंडऱ्यांना कळलं.

आसना.
बसमधून हजारदा ओलांडली असेल.
तेव्हा ती नुसती पुलाएवढी होती.
इथे डोहात हिरवी,
पुढे खडकावर इतकी पातळ
की दगडांचे रंग वरून वाचता यावेत.
जलपर्णीत अडकलेली निळी पिशवी
आणि तिच्यावर खंड्या, पिशवीहून निळा.
वास होता, खोटं का सांगू,
आमच्याच कॉलनीचा नाला वर कुठेतरी मिळतो.
पण लव्हाळ्यात वारा शिरला
की वाससुद्धा थोडा सरकून बसायचा.

“काय हुडकायलीस, माय?”
बाभळीआडून एक बाई,
हातात विळा, कमरेला डालड्याचा डबा,
डब्याच्या तळाशी डिंकाचे चार खडे.
“काही नाही.”
“हारपलंय काय?”
“नाही हो. नुसती चालतेय.”
“नुसती?”
तिनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला,
मग हसली.
“चाल की मग. पर उजव्या अंगानं चाल.
डावीकडं टिटवीनं अंडे घातलेत.”

मी वाकून पाहिलं.
उघड्या मुरमावर खडे, नुसते खडे,
आणि डोळे बसल्यावर
त्यातलेच चार जरा गोल, जरा कोमट.
चार. त्या सकाळी मी एवढंच मोजलं.
टिटवी डोक्यावर आकाश फाडत होती,
पाय उचलला तशी उतरली,
पिसं झटकून बसली,
जणू मला कधी शिव्या दिल्याच नव्हत्या.

पुढे पळस होता, एकच, पेटलेला,
त्याच्या खाली पाणीही थोडं पेटलेलं.
तिथे किती वेळ गेला ते घड्याळाला माहीत,
आणि घड्याळ मी टीव्हीवर ठेवून आले होते.

परतले तर गजाच्या जागी सायन्ना उभा,
बागेचा वॉचमन, शिट्टी तोंडात, न वाजवलेली.
“म्याडम, साहेबाले सांगू नका.
गज मीच काढलो.”
“का रे?”
“मेन गेटनं यायचं तर लई वळसा.
बायको हिकडूनच डबा आणते माझा,
डिंक येचत येचत.”
मी काही बोलले नाही.
कान तुटलेल्या हरणाशेजारून घरी आले.

रात्री पर्स उघडली
तर तिनं दिलेला डिंकाचा खडा
उन्हानं विरघळून
डॉक्टरांच्या चिठ्ठीला चिकटलेला.
“रोज चाळीस मिनिटे चालणे”
यातले चाळीस आणि मिनिटे
खड्यासोबतच निघून आले.
राहिलं ते वाचलं,
दिवा मालवला,
आणि चपला दाराशी
तोंड बाहेर करून ठेवल्या.