बरली, बरली

सकाळपासून रताळ्याचा टेम्पो चढत नाही.
बेकिनकेऱ्याच्या तांबड्या चिखलात
मागचं चाक जागच्या जागी भुई खणतंय
आणि भोवती सहा माणसं, सहा सल्ले.
कुणी ओरडतंय येऊ दे, येऊ दे,
कुणी बरली, बरली,
कुणी नुसतंच पत्र्यावर थापा मारतंय.
महांतेश खिडकीतून मान काढून विचारतो,
यार मात केळ्ळी नान?
कुणाचं ऐकू?

मी चहा कट्ट्यावर ठेवला.
चढाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो
आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे धरले.
थांब. आहेस तिथं थांब.

हे मी जहाजाच्या शेपटाशी शिकलो.
खळ्याएवढं लोखंड,
झोपेत कूस बदलणारं.
वर अधांतरी सहा टनांचं हेलिकॉप्टर,
खाली काळं पाणी,
आणि मध्ये मी, हातात दोन पेटत्या कांड्या.
सेल्वराज मास्तर पायलटांनाही सांगायचे,
डेककडं बघू नका, डेकसारखे हलाल.
हँगरवरची ती हिरवी आडवी पट्टी बघा,
जहाज कितीही कलंडलं तरी ती सपाट असते.
बाकी या माणसाच्या हातावर सोडा.

या माणसाच्या हातावर.
आईनं ज्या हाताला वेलाची गाठ न दुखवता
रताळं काढायला शिकवलं होतं.

लाटा एकेकट्या येत नाहीत. घोळक्यानं येतात,
दोन-तीन थोराड, मग समुद्राला धाप लागते.
पाच सेकंद. कधी सहा.
ते डोळ्यांना दिसत नाही,
गुडघ्यांना कळतं.

ऑगस्टातली रात्र, दीवच्या पश्चिमेला,
लेफ्टनंट बोरगोहाईंकडं अकरा मिनिटांचं इंधन.
दोनदा मी त्याला परत पाठवला.
कानातल्या हेडफोनात सगळे एकदम बोलत होते,
मला फक्त गुडघे ऐकू येत होते.
तिसऱ्यांदा तो आला, वर लटकला.
मी हात आडवे धरले.
आडवेच धरले.
त्याच्या काचेत माझ्या दोन कांड्या दिसत होत्या
आणि त्यामागं, बहुतेक, त्याचा चेहरा.
मग डेक निवला. हात खाली.
चाकं टेकली, चार पोरं वाकून पात्याखाली धावली,
चार साखळ्या.

नंतर हेल्मेट काढून त्यानं विचारलं, गाव कुठलं?
बेळगाव.
तिथं समुद्र आहे?
नाही सर. रताळी आहेत.
तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

सगळ्याच रात्री अशा नव्हत्या.
एकदा मी अर्धा सेकंद घाई केली,
डेक पुन्हा उचललं,
साखळी ताणली गेली तेव्हा तिर्कीचा हात मध्ये होता.
दोन बोटं.
दर दिवाळीला सिमडेग्याहून त्याचा आवाज येतो मोबाईलवर,
दादा, कैसे हो?
मी दोनदा ऐकतो. उत्तर टाईप करतो, पुसतो,
शेवटी पणतीचा फोटो पाठवतो.

सहा माणसं आता गप्प.
त्यांच्याकडं न बघता मी बोटानं चाक दाखवलं,
ते पळत जाऊन पोती, पाचट, दगड घेऊन आले.
महांतेश फक्त माझ्याकडं बघतोय.
त्याला माझं मराठी अर्धं कळतं,
मला त्याचं कन्नड पाऊण,
पण हे दोन्हीतलं नाही.

मी थांबलो.
इथं कसली लाट?
चढ आपल्या जागी, चिखल आपल्या जागी,
तरी गुडघे कशाची तरी वाट बघत होते,
आणि लाज वाटली तरी
मी त्यांना बघू दिली.

मग तळवे माझ्याकडं वळवले. ये.
इंजिन गुरगुरलं, पाचट करकरलं,
दोन रताळी घरंगळत पायाशी आली
आणि टेम्पो माझ्या अंगावर चढत चढत
सपाटीला लागला.

सगळे ओरडले. महांतेशनं हॉर्न दिला.
सून परड्यातून म्हणाली,
मामा, आला की ओ वर, हात खाली करा.
केले.

चाकाला दगड लावा रे, मी म्हटलं.
आता कशाला ओ? सपाटच हाय की.
लावा.
चारी बाजूंनी.